मालवाहू पिकअप गाडीवरील ओरखडे : त्यांची पारख व घरगुती उपाय

बैलगाडीच्या दिवसांत आखास वंगण घालणे व सैल झालेली धाव वेळीच चढवून घेणे ही कामे शेतकरी हयगय न करता करीत असे. आज तोच शेतकरी टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या व खताची पोती पिकअप गाडीतून नेतो. तिचे तेलपाणी तो नियमाने पाहतो. परंतु पत्र्यावर पडणारे ओरखडे ही केवळ शोभेची बाब समजून तिकडे दुर्लक्ष करतो. हा समज अर्धाच खरा आहे. काही ओरखडे खरोखरच शोभेपुरते असतात व त्यांजवर एक पैसाही खर्च करण्याचे कारण नाही. काही मात्र पत्र्याच्या मुळावर येणारे असतात व त्यांची तजवीज पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. या दोहोंतील भेद कसा ओळखावा व पुढे काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

गाडीचा रंग हा एकच थर नसतो. पोलादी पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया करितात. नंतर तो रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने गंजरोधक अस्तर चढवितात. मोटारींसाठी ही रीत १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आली. त्यावर प्रायमर, मग रंग व पुष्कळ गाड्यांत शेवटी पारदर्शक लॅकर असतो. हे सारे थर मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे कचेरीतील साध्या लिहिण्याच्या कागदाएवढी किंवा थोडी अधिक भरते. पत्रा व पाऊस यांमध्ये एवढाच काय तो पडदा आहे.

पारख करण्याची रीत सोपी आहे. जागा साबणाच्या पाण्याने धुवावी व ओली असतानाच पाहावी. ओलाव्याने ओरखडा दिसेनासा झाला व वाळल्यावर पुन्हा उमटला, तर तो वरच्या थरातच आहे. नंतर त्यावरून आडवे नख फिरवावे. नख न अडकल्यास चिंता नाही. अडकल्यास आतील रंग निरखून पाहावा. करडा, मळकट थर दिसला तर अस्तर अद्याप शाबूत आहे. चकचकीत धातू किंवा तांबूस रेघ दिसली, तर पत्रा उघडा पडला असे समजावे.

उघड्या लोखंडास पाणी व हवेतील प्राणवायू मिळाले की गंज धरतो. हा गंज सच्छिद्र असल्याने खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही. शिवाय मूळ लोखंडापेक्षा तो पुष्कळ अधिक जागा व्यापतो व कडेचा चांगला रंग खालून उचलीत जातो. गव्हावरील तांबेरा एका पानावरून दुसऱ्या पानावर जावा, तसा हा प्रसार रंगाखाली चालतो. वर फुगारा दिसेपर्यंत आत बरेच नुकसान झालेले असते. अमोनियम सल्फेट व म्युरिएट ऑफ पोटॅश यांसारखी सांडलेली खते ओलाव्याने विरघळली की हे काम अधिकच जलद होते. कोकणपट्टीतील खारी हवाही तोच परिणाम करिते.

वरवरच्या ओरखड्यास मऊ फडक्यावर थोडे रबिंग कंपाऊंड घेऊन हलक्या हाताने घासणे पुरेसे आहे. जोर करू नये. लॅकर एकदा घासून गेला की परत येत नाही.

पत्रा उघडा पडला असल्यास काम कोरड्या दिवशी, सावलीत करावे. प्रथम जागा धुऊन पूर्ण वाळवावी. गंज १२० नंबरच्या पॉलिशपेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत काढावा व कडा ४०० नंबरच्या कागदाने उतरत्या कराव्या. किंचित थिनर लावलेल्या फडक्याने तेवढाच भाग पुसून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमरचे दोन पातळ हात द्यावे. उघडा धातू रात्रभर तसाच ठेवू नये. खोल खाच असेल तर प्रायमर वाळल्यावर लांबी भरून, ती घासून सपाट करावी व त्यावर पुन्हा प्रायमर द्यावा. नंतर बारीक कुंचल्याने रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. प्रत्येक हात वाळू देणे जरूर आहे. एकच जाड हात ओघळतो व पुढे तडकतो.

रंग विकत घेताना गाडीच्या पट्टीवरील रंगाचा सांकेतिक क्रमांक सांगावा. पांढऱ्यातही अनेक छटा असतात. थिनर ज्वालाग्राही आहे, सबब जवळ विडी अगर चूल नसावी. हार्डनर मिसळलेला रंग घरी फवारू नये. त्याची वाफ फुप्फुसास घातक असते व ते काम सुसज्ज कारखान्यातच व्हावे.

पाहणी करिताना दरवाजापेक्षा हौद्याकडे अधिक लक्ष द्यावे. क्रेट घासण्याची जागा, फाळक्याच्या बिजागऱ्या व साखळ्या, आणि चाकांमागील खडी उडणारा भाग येथे पत्रा प्रथम उघडा पडतो. बांधावरील बाभळीचे ओरखडे डोळ्यांस खुपतात, पण बहुधा उथळ असतात. खत वाहून आणल्यावर हौदा धुऊन, फाळका उघडा ठेवून वाळवावा व पाणी जाण्याची भोके मोकळी आहेत की नाहीत ते पाहावे.

आणखी एक गोष्ट. मूळ रंगाने डागडुजी करण्यास परवानगी लागत नाही. परंतु गाडीचा रंगच बदलावयाचा असेल, तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद परिवहन कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्रही मोटार वाहन कायदा, १९८८ अन्वये मुदतीने नवे करून घ्यावे लागते. पत्रा सडून हौद्यास भोके पडल्यावर नवा पत्रा जोडण्यास जो खर्च येतो, त्यापुढे प्रायमरची लहान डबी व दोन कागद यांची किंमत नगण्य होय.

तरी मृग लागण्यापूर्वी, उन्हाळी कामांतून सवड काढून, प्रत्येक गाडीवाल्या शेतकरी बंधूने एक सकाळ या पाहणीस द्यावी. जे ओरखडे उथळ आहेत ते खुशाल राहू द्यावे; परंतु जेथे लोखंड दिसते, ती जागा पहिल्या पावसापूर्वी झाकली गेलीच पाहिजे.