पोराची बारावी, बापाची पन्नाशी

दहावीचा निकाल लागला की शिरूर अनंतपाळच्या कितीतरी घरांत पुढचं ठरलेलं असतं: लातूर. भाव येईल म्हणून राखून ठेवलेलं सोयाबीन अडतीवर जातं, पट्टीचे पैसे क्लासच्या फीला लागतात. पहिल्या खेपेला ‘नीट’मध्ये नंबर लागला नाही, तर पोरगं ‘रिपीटर’. लातूर पॅटर्ननं इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांना डॉक्टर केलं, त्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सोळाव्या वर्षी मनात जे चाललेलं असतं, त्याला या वेळापत्रकात तास नाही.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं 1950 साली आयुष्याचे आठ टप्पे मांडले. मनाची वाढ बालपणातच आटोपत नाही, मरेपर्यंत चालते, हा त्याचा मुद्दा. तान्ह्या बाळाचा जगावर विश्वास बसतो का, इथून सुरुवात. शाळकरी वयात ‘मला जमतं’ की ‘मी ढ’, ही ओढाताण. आणि पाचव्या टप्प्यावर, किशोरवयात, ‘मी कोण?’

त्या प्रश्नाला थोडी उसंत लागते. एरिक्सननं ती भरपूर घेतली. शाळेनंतर चित्रं काढत तो युरोपात भटकला. 1927 साली व्हिएन्नातल्या शाळेत शिकवायला लागला तेव्हा पंचविशीत होता. जन्मदाता कोण, हे त्याला कधीच कळलं नाही. ‘एरिक्सन’ हे आडनावसुद्धा त्यानं अमेरिकेचा नागरिक होताना, 1939 साली, घेतलेलं.

याच ‘मी कोण?’च्या शोधासाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी 1966 साली महाविद्यालयीन मुलं तपासली. स्वतः चाचपणी न करता घरच्यांनी ठरवलेलीच वाट धरणारा एक गट त्यांना आढळला. ही मुलं वरून पक्की दिसत. पण ‘तुला हे जमलं नाही’ असं कळलं की त्यांचा आत्मसन्मान चटकन ढासळे. रिपीटरच्या बॅचला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग चूक बापाची? तोही आपल्या टप्प्यातून जात असतो, सातव्या. मागं काहीतरी उभं करून जावं, ही चाळिशी-पन्नाशीतली ओढ. एरिक्सनला ती अहमदाबादच्या 1918 च्या गिरणी संपातल्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या गांधींमध्ये दिसली. त्यावरच्या त्याच्या पुस्तकाला 1970 चं पुलित्झर मिळालं. ही ओढ भागवायला गांधींना गिरणी कामगार होते. कोरडवाहू शेतकऱ्याला बहुधा पोरगंच असतं.

काही घरांत पोराच्या जेवणाचे हाल नकोत म्हणून आईही लातूरला खोली करून राहते. गावात आजी उरते. एरिक्सनच्या पत्नी जोन यांनी स्वतः नव्वदीत असताना नववा टप्पा जोडला: शरीर साथ सोडतं, उठाबसायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि तान्हेपणीचा विश्वासाचा प्रश्न पुन्हा पुढं येतो. फीचा हिशोब मांडताना आजीला कोण बघणार, हेही त्याच बैठकीत ठरवायला हवं.