दोन गिटारी, एक गंधार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पलूस हे नाव महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला ठाऊक असलंच, तर ते गावामुळं नव्हे, एका आडनावामुळं असतं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं मूळ आडनाव गाडगीळ. घराणं मूळचं पलूसचं, म्हणून ते पलुस्कर झाले. १८७२ साली कुरुंदवाडात जन्मलेला हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकला आणि १९०१ साली थेट लाहोरला जाऊन त्यानं गांधर्व महाविद्यालय काढलं. बालगंधर्वांचं नागठाणे आमच्याच तालुक्यात. तंबोरे आणि सतारी बनवणारी मिरज तर हाकेच्या अंतरावर. अशा मुलखात राहून मी आज गिटारवर बोलणार आहे. तेही एका नव्हे, दोन गिटारींवर आणि त्या एकमेकींशी आयत्या वेळी कशा बोलतात यावर.

आपल्याकडं गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती गळ्यात अडकवून वाजवायची गिटार. वाजवणारे तिला स्पॅनिश गिटार म्हणतात. तिच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे ठोकलेले असतात. डाव्या हाताच्या बोटानं तार पडद्याजवळ दाबायची, उजव्या हातानं छेडायची. पडदा हलत नाही, त्यामुळं स्वर जिथं बसवला आहे तिथंच मिळतो. दुसरी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवतात. तिच्या तारा दांडीपासून उंच उचललेल्या असतात, इतक्या की बोटानं दाबून त्या पडद्याला टेकूच नयेत. डाव्या हातात पोलादाचा एक गुळगुळीत रॉड असतो. तो तारांवर नुसता टेकवायचा आणि सरकवायचा. तिला आपल्याकडं हवाईयन गिटार म्हणतात. दांडीवर पडद्यांच्या रेघा असल्या तरी त्या रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारख्या, फक्त कुठवर आलो ते कळायला.

नाव हवाईयन, कारण तिचा उगम प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवरचा. तिथं गिटार पोचवली ती १८३०च्या दशकात गुरं राखायला आणलेल्या मेक्सिकोच्या गुराख्यांनी. बेटावरच्या लोकांनी तिच्या तारा आपल्या सोयीनं सैल करून नव्यानं जुळवल्या. पुढं १८८०-९०च्या सुमारास जोसेफ केकुकू नावाच्या शाळकरी पोरानं तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला आणि त्यातून ही तऱ्हा रूढ झाली, असं मानतात. गेब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका खलाशानं ही युक्ती त्याच्याही आधी तिथं दाखवली होती, अशीही एक हकीकत आहे. खरं-खोटं काहीही असो, तारेवर काहीतरी सरकवून वाजवणं आपल्याला नवं नव्हतंच. उत्तरेत विचित्रवीणा, दक्षिणेत गोट्टुवाद्यम ही वाद्यं याच जातीची.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं प्रदर्शन भरलं, तिथून या गिटारचं वेड अमेरिकाभर पसरलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टाऊ मो हा हवाईचा वादक आपल्या कुटुंबासह कलकत्त्यात राहून वाजवत होता. बंगालनं ही गिटार जी उचलली ती रवींद्रसंगीतापर्यंत नेली. मुंबईत हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी तिला सिनेमाच्या गाण्यांत बसवलं. माझ्या लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली रिकामी जागा भरायला जी धून लागायची, ती बहुधा हिचीच असायची. शब्द नसलेलं गाणं ऐकून आम्ही पोरं शब्द ओळखायची पैज लावायचो. बहुतेक वेळा ओळखायचोही. कारण हे वाद्य गळ्यासारखं चालतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जातं. आपण त्याला मींड म्हणतो.

आता या दोघींना शेजारी बसवलं तर काय होतं?

आमच्या गावात कारखान्यातून निवृत्त झालेले एक चाचा आहेत. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. हातातला रॉड त्यांनी स्वतः लेथवर स्टेनलेस स्टीलचा तुकडा फिरवून आणि घासून पॉलिश करून केलेला. त्यांच्या बहिणीचा नातू स्पॅनिश गिटार शिकतो. तो सगळे धडे मोबाइलवर पाहून शिकतो. रविवारी सकाळी दोघं बसतात. काय वाजवायचं ते आधी ठरत नाही. पोरगा दोन-चार कॉर्ड धरतो, म्हणजे तीन-चार स्वर एकदम छेडतो आणि चाचा त्यावर रॉड सरकवत गाणं शोधायला लागतात. मी एकदा चहाच्या निमित्तानं गेलो, तर चाचा मध्येच थांबून म्हणाले, “थांब बाळा, तुझा गंधार मला टोचतोय.” पोरगा म्हणाला, “नाना, गिटार आत्ताच ॲपवर लावलीय. बरोबर दाखवतंय.”

दोघांचंही खरं होतं. गोष्ट इथंच रंगते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तंबोरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी तो वाजवत नाही, तरी येतो. त्याचं षड्जाशी प्रमाण ५ : ४ असं सरळ असतं. म्हणजे षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा असेल तर हा गंधार ३०० कंपनांचा. गिटारचे पडदे मात्र वेगळ्या हिशेबानं ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग केले म्हणजे कुठलाही स्वर षड्ज धरून वाजवता येतं, ही त्यातली सोय. पण त्या हिशेबात गंधार येतो ३०२ कंपनांच्या थोडा वर. फरक एका अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. किरकोळ वाटतो ना? पण दोन्ही गंधार एकदम लांबवले की आवाजात सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात, सायकलचं चाक किंचित बाक आल्यावर फिरतं तसे. पोराच्या ॲपनं बारा सारखे भाग मोजले होते. चाचांचा रॉड कानानं चालत होता आणि कान तंबोऱ्यावर तयार झालेला.

हा वाद आमच्या भागात शंभर वर्षांपूर्वीच पेटला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ श्रुती मोजायच्या नादाला लागले. मोजण्यासाठी गळा दिला खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि या खटपटीतून बावीस श्रुतींची पेटी तयार झाली. सातारा-सांगलीत एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक साहेब गंधाराची जागा शोधत बसले आहेत, हे चित्र मला फार आवडतं. पेटी काही रुळली नाही. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेतही तिच्यावर वाद झाला. पुढं १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं साध्या पेटीलाच बंदी केली. तिचे स्वर पक्के आहेत, तिला मींड येत नाही, हा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला १९७० उजाडून गेलं. गंमत अशी की त्याच काळात हवाईयन गिटार मात्र रेडिओवर सुखानं वाजत होती. समुद्रापलीकडून आलेली असून तिला मींड येत होती ना!

तेव्हा वाद्य कुठून आलं यापेक्षा त्याला काय म्हणता येतं हे बघावं, असं मला वाटतं. मला स्वतःला अजूनही लोक कौतुकानं विचारतात, “तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं लिहिता?” माझ्या चार पिढ्या कृष्णेचं पाणी पीत आल्या आहेत. तरी प्रश्न येतोच. असो.

मग पडद्यांची गिटार रागाजवळ जाणारच नाही का? जाते, पण तिला थोडं मागं सरून बसावं लागतं. जाणते वादक एक युक्ती करतात. सहा तारा सा-प-सा-म-प-सा अशा लावतात. त्यात गंधार मुळातच नाही. मोकळ्या तारा छेडल्या की भरदार आधार मिळतो आणि भांडणाची जागा रिकामी राहते. ती जागा मांडीवरच्या गिटारीनं आपल्या मापानं भरायची. चाचांच्या नातवाला मी हे सांगितलं नाही, मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. त्याचं त्यालाच सुचलं. पुढच्या रविवारी त्यानं गंधाराची तार सोडून दिली आणि फक्त षड्ज-पंचम धरला. चाचा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते जास्त वेळ वाजवत बसले.

दुसरी अडचण कॉर्डची. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड बदलला की पायाखालची जमीन बदलते, आपल्या रागात षड्ज हलत नाही. गिटारवाल्यानं भराभर कॉर्ड बदलले तर मांडीवरच्या वादकाला प्रत्येक वेळी नवं घर शोधावं लागतं आणि रागाचा पत्ता हरवतो. पहाडीसारख्या मोकळ्या धुनेत हे खपून जातं. दरबारीत बिलकूल नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी तर हवाईयन गिटारवरचे कॉर्ड टाकूनच दिले आणि अली अकबर खाँसाहेबांकडं शिकून आलापीच्या मार्गानं ती नेली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची रेकॉर्ड अनेक घरांत असेल. संतूर आणि बासरी सगळ्यांना आठवते, गिटार कुणाची ते कमी जणांना सांगता येतं. काब्रा २०१८ साली गेले.

आयत्या वेळच्या जुगलबंदीचा मला ठाऊक असलेला सर्वांत सुंदर नमुना १९९२ सालचा आहे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवरच तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली. तीन तारा सुरांच्या, पाच आधाराच्या आणि बारा तरफेच्या. अमेरिकेचा राय कूडर बोटात नळी घालून साध्या गिटारवर ती सरकवतो. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराच्या एका प्रार्थनामंदिरात दोघं बसले. तोपर्यंत त्यांची ओळखही नव्हती. तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी आणि कूडरचा कोवळ्या वयाचा मुलगा एका अरबी तालवाद्यावर. तालीम नाही, कागद नाही. ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या नावानं ते १९९३ साली बाहेर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

पुरस्काराचं जाऊ द्या. ऐकताना बघायचं ते एवढंच की कोण कधी गप्प बसतं. भट्टांनी जलद तान घेतली की कूडर तिच्याशी शर्यत लावत नाही. तो एकच स्वर लांबवतो, खाली खर्जात दोन ठोके देतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज आणि आपला धानी राग यांचे पाच स्वर जवळजवळ सारखे आहेत. तिथं दोघंही घरी असतात, म्हणून ‘गँजेस डेल्टा ब्लूज’मध्ये कुणी कुणाचा पाहुणा वाटत नाही. आपल्या तमाशातल्या सवाल-जवाबात समोरच्याला अडवायचं असतं. भजनात पेटीवाला बुवांच्या अर्धं पाऊल मागं चालतो. इथं या दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. एकजण वाक्य अर्धं सोडतो, दुसरा ते आपल्या बोलीत पुरं करतो आणि चुकीचं पुरं झालं तरी पहिला तेच खरं धरून पुढं निघतो. कवीला हे फार जड जातं. आम्हाला आपली ओळ आपणच संपवायची असते.

त्या रेकॉर्डवरचं शेवटचं वादन ‘इसा लेई’. फिजी बेटांवर निरोप देताना म्हणतात, त्या गाण्याची ही धून. ना जयपूरची, ना अमेरिकेची. दोन्ही गिटारी ती हळू, जवळजवळ कुजबुजत वाजवतात. मी ती चाचांच्या मोबाइलवर लावून दिली. त्यांनी ती संपेपर्यंत ऐकली, मग नातवाला म्हणाले, “सा आणि प धर. कॉर्ड नको.” आणि रॉड पुसायला फडकं शोधू लागले.