उपवास, लंघन आणि हृद्रोगी रुग्ण

श्रावण लागला की चिकित्सालयात आणि औषधालयाच्या गल्ल्यावर एक प्रश्न हमखास येतो : "उपवासाला गोळी चालते का?" प्रश्न भाबडा वाटतो, परंतु विचारणारा रक्तदाबाचा वा हृद्विकाराचा रुग्ण असेल, तर त्याचे उत्तर विचारपूर्वक द्यावे लागते. जे विचारतच नाहीत आणि परस्पर गोळी बंद ठेवतात, त्यांची चिंता आम्हांस अधिक वाटते.

धार्मिक उपवास हृदय व रक्तवाहिन्यांस हितकर असतो काय? मर्यादित अर्थाने असतो, असे म्हणण्यास आधार आहे. बारा तासांहून अधिक काळ अन्न मिळाले नाही की यकृतातील शर्करेचा साठा उतरू लागतो व शरीर मेदाकडे वळते. इन्शुलिनचे प्रमाण घटल्याने मूत्रपिंडे सोडियम अधिक बाहेर टाकतात आणि रक्तदाब काहीसा खाली येतो. लंडनमधील रमजानच्या उपवासांवरील, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ७ मि.मी.ने उतरलेला आढळला. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासांचा १२० व्यक्तींवरील अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपवास पाळणाऱ्यांचे एकूण कोलेस्टेरॉल न पाळणाऱ्यांपेक्षा उपवासकाळाच्या अखेरीस सुमारे साडेबारा टक्के कमी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ग्रीक उपवासात घड्याळ पाहिले जात नाही. मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य केली जातात. म्हणजे तेथे गुण आला तो उपाशी राहिल्याने नव्हे, ताट बदलल्याने.

आता आपले ताट पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २२ व्या अध्यायात लंघनाचे दहा प्रकार सांगितले असून उपवास हा त्यांपैकी केवळ एक आहे. लंघनाची कसोटी एकच, शरीरास लाघव येणे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो भरपूर तुपात वा तेलात परतून, दाण्याचे कूट घालून, वर बटाट्याचा कीस आणि तळलेले पापड घेतले, तर ते लंघन कोणत्या कसोटीने ठरावे? हे सरळ संतर्पण होय, आणि मेदोरोग, प्रमेह यांची वाट तेथूनच जाते. "एकादशी, दुप्पट खाशी" ही म्हण काही वैद्यांनी रचलेली नाही! सैंधवाविषयीही असाच गैरसमज आहे. सैंधव लवणवर्गात श्रेष्ठ खरे, पण त्यात मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. "उपवासाचे मीठ आहे" म्हणून रक्तदाबाच्या रुग्णाने हात सैल सोडू नये. भगर व ताक, राजगिऱ्याची लाही, काकडी, लाल भोपळा, एखादे फळ, एवढ्यावर दिवस निघतो. आमच्या मते चातुर्मासातील एकभुक्त, तेही दिवसा घेतलेले, दिवसभर फराळ करण्यापेक्षा लंघनाच्या अधिक जवळचे आहे.

लंघनाचा अतियोगही ग्रंथकारांनी तितक्याच काळजीने वर्णिला आहे : मुखशोष, तृष्णा, अंगमर्द, मनाचा संभ्रम, अग्नी व बल यांचा नाश. मूत्रल गोळी घेणारी वृद्ध स्त्री हरतालिकेला निर्जळ राहून सायंकाळी उभी राहताना भोवळ येऊन पडते, तेव्हा हीच लक्षणे आपण पाहत असतो. जैन बांधवांच्या चौविहार उपवासातही पाणी वर्ज्य असते, म्हणून तेथेही हाच विचार करावा. अशा रुग्णाच्या मूत्रल औषधाची मात्रा वा वेळ काही दिवस आधी त्याच्या हृद्रोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावी.

औषधविक्रेत्या बंधूंनी काही नावे मनाशी बांधून ठेवावीत. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या एकाएकी थांबविल्यास हृच्छूळ उसळू शकतो. स्टेंट बसविलेल्याने अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल स्वतःहून चुकविणे म्हणजे स्टेंटमध्ये रक्त गोठण्यास वाट करून देणे. याउलट ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड रिकाम्या पोटी नेहमीच्या मात्रेत घेतल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरते. हृदयाच्या दुर्बलतेतही आता सर्रास दिले जाणारे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन दीर्घ उपवासात चालू राहिल्यास रक्तात आम्लता वाढण्याचा धोका असतो, व तेव्हा रक्तशर्करा फार वाढलेली नसल्याने निदान हुकते. स्पायरोनोलॅक्टोन, रामिप्रिल वा टेल्मिसार्टन घेणाऱ्याची मूत्रपिंडे अशक्त असतील, तर शहाळ्याचे पाणी, केळी, रताळी यांतील पोटॅशियम त्यास बाधते. उपवासाला या तिन्ही गोष्टी निर्धोक मानल्या जातात, म्हणून मुद्दाम लिहिले. आपल्या शास्त्रातील यष्टिमधु नेमके उलट वागते. अधिक मात्रेत ते पोटॅशियम घटविते व रक्तदाब वाढविते, तेव्हा मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णास उपवासातील आम्लपित्तासाठी ते सहजी देऊ नये.

राहिला आसव-अरिष्टांचा प्रश्न. त्यांत स्वयंजनित मद्यार्क असल्याने अनेक जण उपवासाला अर्जुनारिष्ट टाळतात, आणि मधुमेह्यास त्यातील गुळाचीही अडचण असते. अशा वेळी तेवढ्या दिवसापुरता, चालू गोळ्या न थांबविता, साखरेविना अर्जुन क्षीरपाक द्यावा. दूध उपवासाला चालते, त्यामुळे रुग्ण तो बिनतक्रार घेतो.