ग्रीक अक्षरांची नाणी आणि भिक्खूंचे चीवर

रोमन अमलाखालील अँटिओक, सीझरिया आदी नगरांत पाडल्या जाणाऱ्या चांदीच्या नाण्यांवर मुखवटा सम्राटाचा असे, परंतु लेख मात्र ग्रीक भाषेतच राहिला. त्याच सुमारास आपल्या गोदावरीच्या खोऱ्यातही ग्रीक अक्षरांची रौप्य नाणी चालत होती. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या वाचकांनी हा इतिहास जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १३ हजारांहून अधिक रौप्य नाणी सापडली. ती क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. एका बाजूस राजाचा मुखवटा व ग्रीक लिपी, दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. भाषा मात्र प्राकृत. यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकली आहेत. नहपानाच्या पराभवाचा याहून बोलका पुरावा नाही.

ग्रीक अक्षरे येथे आली कशी? अपोलोडोटस व मिनँडर यांचे जुने द्रम्म भडोच बंदरात चालत, असे ‘पेरिप्लस’ सांगतो. हा मिनँडर म्हणजेच ‘मिलिन्दपञ्ह’मधील राजा मिलिन्द होय.

विनयानुसार भिक्खूने सोने-रुपे स्वीकारावयाचे नाही. चीवरासाठी कोणी द्रव्य आणल्यास ते वेय्यावच्चकराकडे सोपवावे आणि भिक्खूने केवळ वस्त्र घ्यावे, असा नियम आहे. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यातील लेखात या तत्त्वाशी जुळणारी व्यवस्था दिसते. वर्ष ४२ मध्ये त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० काहापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याज तेवढे उपभोगावयाचे. वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ काहापण चीवरासाठी, हा हिशेब तंतोतंत जुळतो. हे काहापण म्हणजे नहपानाचीच नाणी, असे अनेक नाणकशास्त्रज्ञ मानतात.

तात्पर्य, परकीय मुद्रेचे रुपे विणकरांच्या हाती राहिले आणि संघाच्या अंगावर वस्त्र आले. असे नाणे शेतात सापडल्यास ते घासू वा वितळवू नये. निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. वितळलेल्या चांदीस वजन असते, इतिहास नसतो.