सीझनचा बाजार आणि जमिनीचा कागद

मंडळी, आज तुम्हांला लोणावळ्याला घेऊन जाणार आहे. धबधबे पाहायला नव्हे. ते पाहणारे पुष्कळ आहेत. आपण तिथे जायचे ते एक धंदा समजावून घ्यायला. तो धंदा जमिनीच्या देवघेवीचा. आज लोणावळ्यात जे चालते, ते उद्या तुमच्या गावाशेजारी एखादा नवा रस्ता झाला, धरणाचे पाणी आले किंवा समुद्रकिनारा प्रसिद्धीला आला, की तुमच्याही दारी येणार आहे. अलिबाग, पाचगणी, पवनेचा काठ, सगळीकडे पद्धत थोड्याफार फरकाने तीच. तेव्हा ती आधीच ठाऊक असलेली बरी.

लोणावळा हे मावळातले घाटमाथ्यावरचे ठिकाण. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईची सधन मंडळी हवा पालटायला इथे येऊ लागली. त्यांचे बंगले उठले. पुढे टाटांनी वळवण, शिरवता वगैरे तलाव बांधले आणि १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली. पलीकडच्या मुळशी खोऱ्यात धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. म्हणजे जमीन जाणे ही गोष्ट या डोंगराला नवी नाही. फरक एवढाच, की त्या वेळी ती सक्तीने जात होती, आणि आज ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या सहीने जाते. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि मुंबईच्या माणसाला लोणावळा शनिवार-रविवारपुरते जवळ आले. तेव्हापासून कुसगाव, वाकसई, कार्ला, मळवली अशा भोवतालच्या गावांतल्या खाचरांकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले.

आता तिथला सीझन कसा असतो ते पाहा. पहिला पाऊस पडला, की शनिवारी सकाळपासून मोटारींची रांग लागते. भुशी धरणाच्या वाटेवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. मक्याची कणसे भाजणारी बाई, चहाची टपरी, रिक्षावाला, चिक्कीचे दुकान, खानावळ या सगळ्यांची वर्षाची कमाई या चार महिन्यांवर बेतलेली असते. मग दिवाळी, नाताळ, एकतीस डिसेंबर, आणि पुन्हा मे महिन्याची सुटी. मधल्या दिवसांत, विशेषतः फेब्रुवारी-मार्चातल्या एखाद्या मंगळवारी, तुम्ही तिथे गेलात, तर निम्म्या बंगल्यांना कुलूप दिसेल आणि फाटकाशी राखणदार एकटाच बसलेला आढळेल. त्याला विचारा, बाबा, तू कुठला? पुष्कळदा उत्तर येते, इथलाच. आणखी विचारलेत तर कळते, की ज्या बंगल्याची तो राखण करतो, ती जमीन एके काळी त्याच्याच घरची होती.

हे असे का होते, हे समजायला दलालाचे काम समजले पाहिजे. दलाल म्हटला की तो वाईटच, असे मी म्हणणार नाही. चांगला दलाल गिऱ्हाईक शोधतो, कागद जमवतो, दोन्ही बाजूंना चार गोष्टी समजावतो आणि शेकडा एक-दोन टक्के दलाली उघडपणे घेतो. त्या कामात कष्ट आहेत. पण काहींची रीत निराळी असते. समजा, शेतकऱ्याला त्याने गुंठ्याला चार लाख कबूल केले. तिकडे मुंबईच्या पार्टीला सांगितले साडेपाच लाख. वरची रक्कम त्याची. वीस गुंठ्यांचा व्यवहार असेल तर ही वरची रक्कम तीस लाख झाली. शेतकऱ्याला एकूण मिळाले ऐंशी लाख. ज्याने न पेरले, न कापले, त्याने तीस नेले.

दुसरी रीत म्हणजे साठेखत फिरवणे. सीझनमध्ये भाव तोंडाने वाढत असतात. दलाल येतो, हातावर थोडी विसाराची रक्कम ठेवतो आणि वर्ष-दीड वर्षाच्या मुदतीचे साठेखत करून घेतो. मग तेच साठेखत हातात धरून तो जास्त भावाचे गिऱ्हाईक शोधत हिंडतो. गिऱ्हाईक मिळाले तर नफा त्याचा. नाही मिळाले तर जमीन अडकली शेतकऱ्याची. तोवर मुलीचे लग्न निघाले, दवाखान्याचा खर्च आला, तरी दुसऱ्याला विकता येत नाही.

म्हणून चार कागदांतला फरक नीट लक्षात ठेवा. विसारपावती म्हणजे बोलणी झाल्याची आणि पैसे पोचल्याची खूण. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी जात नाही, पण तुमचे हात बांधले जातात, आणि घेणारा कोर्टात जाऊन ते पुरे करून मागू शकतो. खरेदीखत हाच खरा विक्रीचा कागद. शंभर रुपये किंवा अधिक किमतीची जमीन नोंदलेल्या खरेदीखतावाचून विकली जात नाही, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते. चौथा कागद कुलमुखत्यारपत्राचा. हा सर्वांत जपून करण्याचा. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. पण त्यात विकण्याचा अधिकार लिहिला असेल, तर मुखत्यार तुमच्या वतीने खरेदीखत करून देऊ शकतो. “कचेरीत हेलपाटे नकोत म्हणून एक सही द्या,” असे कोणी म्हणाले, तर तो कागद आधी घरी आणून वाचून घ्या.

किंमत किती लिहिली आहे तेही पाहा. कागदावर कमी आणि बाकी रोख, असा व्यवहार झाला, की त्या रोख रकमेला पुरावा उरत नाही. बुडाली तर मागायची कशाच्या आधारावर? शिवाय काही अपवाद सोडले, तर जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे.

आता सातबारा. तो आपल्या घरात असतो, पण वाचला जातो कमी. वरचा भाग नमुना सात: त्यात गट नंबर, क्षेत्र, भोगवटादारांची नावे आणि उजवीकडे ‘इतर हक्क’ असा रकाना. खालचा नमुना बारा पिकांचा. पाहायचे ते इतर हक्कांत. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, एखादा वाद, सगळे तिथे दिसते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन असेल तर सरकारी परवानगीवाचून ती विकता येत नाही. बहिणींची नावे लागलेली आहेत की नाहीत तेही पाहा. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. बहिणीला न विचारता झालेला व्यवहार पुढे कोर्टात उभा राहतो आणि भावाबहिणीचे येणेजाणे तुटते. तिला आधीच बोलावून घ्या. डिजिटल सहीचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून निघतो. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. त्यांच्याकडे विचारणा करायला संकोच धरू नका. विक्री झाल्यावर फेरफाराची नोंद होते, नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस चावडीवर वाचण्याची सवय गावाला असली पाहिजे.

गुरुजी आणि बाई, आता थोडे तुमच्याशी. निवृत्तीचे पैसे हाती आले, की थंड हवेच्या गावी एखादा प्लॉट घ्यावा, असे पुष्कळांच्या मनात येते. स्वप्न चांगले आहे. पण आधी काही गोष्टी विचारा. जमीन शेतीची असेल, तर काही अपवाद वगळता शेतकरी नसलेल्याला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून घेता येत नाही. कूळकायद्याचे कलम ६३ तसे आहे. शेतजमिनीचे दोन-दोन गुंठे पाडून विकणे हेही १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याच्या आड येते. या कायद्यात आणि बिनशेतीच्या नियमांत अलीकडे सवलती झाल्या आहेत. त्या त्या गटाला लागू आहेत की नाहीत, हे दलालाला नव्हे, तहसील कचेरीत विचारा. विकास आराखड्यात ती जागा कोणत्या विभागात येते, तेही पाहा. हिरव्या पट्ट्यातल्या जमिनीवर बंगल्याचे चित्र काढून देणे सोपे आहे, बांधण्याची परवानगी मिळणे अवघड.

प्लॉट पाडून विकण्याची किंवा इमारतीची योजना कायद्यातल्या मर्यादेहून मोठी असेल, तर तिची नोंद महारेराकडे व्हावी लागते. ही व्यवस्था २०१६ च्या कायद्याने आली. अशा योजनेतली जागा विकणाऱ्या दलालालाही नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नोंदलेला करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली, तर टोकन देऊ नका.

हिशेब मात्र तुम्ही मुलांना शिकवता, तोच करा. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. बाजारात गुंठा हजार फुटांचा धरतात. दहा गुंठ्यांचे पैसे देऊन दहा हजार फूट घेतलेत, तर ८९० फूट, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हातचा गेला. दुसरे उदाहरण भाड्याचे. “बंगला रात्रीला दहा हजारांनी जातो,” असे सांगतात. लगेच आपण ३६५ने गुणतो आणि साडेछत्तीस लाख डोळ्यांपुढे नाचतात. पण लोक येतात शुक्रवारी-शनिवारी. वर्षाचे आठवडे बावन्न, रात्री एकशे चार. त्या सगळ्या भरल्या तर दहा लाख चाळीस हजार. आणि गर्दी खरी पावसाळ्यात आणि सणासुदीला; चाळीस रात्री धरल्या तर चार लाख. त्यातून राखणदाराचा पगार, वीज, गळती आणि दर वर्षीचा रंग वजा करा. उरेल ते उत्पन्न.

जागा पाहण्याचीही वेळ असते. दलाल पावसाळ्यात नेतो, कारण तेव्हा ढग खाली आलेले असतात आणि माळही बागेसारखा दिसतो. तुम्ही तीच जागा एप्रिल-मेमध्ये एकदा पाहा. विहिरीला पाणी किती राहते ते कळेल. उन्हाळ्यात दाखवली असेल तर जुलैत जाऊन या. सपाट स्वस्त प्लॉट म्हणून जो दिसला, तो ओढ्याचा काठ निघतो की काय, ते तेव्हाच समजते. आणि शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोला. गटात जायला वाट कुणाच्या बांधावरून आहे, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

मंडळी, जमीन विकूच नका, असे मी सांगत नाही. अडचण सगळ्यांनाच येते. पण सीझन दर वर्षी येतो आणि जमीन एकदाच जाते. विकायचीच असेल तर थोडी विका, सगळी नको. रस्त्याकडची बाजू शेवटपर्यंत राखा. जमले तर न विकता कमाई पाहा. दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवता येतात, घरचे जेवण देता येते. कृषी पर्यटनासाठी राज्य सरकारने २०२० साली धोरण आणले आहे. त्याखाली नोंदणी करता येते. इंद्रायणी तांदळाचा भात आणि पिठले खायला मुंबईचा माणूस पैसे मोजतो, आणि जमीन सातबाऱ्यावर आपल्याच नावाने राहते.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात कुणाचा व्यवहार ठरला, तर सहीच्या आधी तो कागद एकदा मोठ्याने वाचून दाखवा. पारावर नको, त्याच्या घरी, त्याच्या बायकोमुलांसमोर वाचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, किंमत, मुदत, एवढे सहा शब्द स्पष्ट वाचले, तरी निम्मी फसवणूक जागच्या जागी थांबेल. सातवीच्या वर्गात क्षेत्रफळाचा धडा येईल, तेव्हा फळ्यावर एक सातबाराही काढा. उद्या दलाल दारी येईल, तेव्हा घरात तो वाचणारे कुणीतरी असेल.