पासवर्ड बदला, पण असा!

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाची तोड लागणीच्या तारखेवर ठरते, हे आपणास नव्याने सांगायला नको. पूर्वी ही तारीख गट कार्यालयाच्या जाड नोंदवहीत असे आणि नोंदवही कपाटात कुलूपबंद. आता ती संगणकात असते आणि तिथले कुलूप म्हणजे पासवर्ड. कपाटाची किल्ली जिवापाड जपणारे आम्ही, हा पासवर्ड मात्र गावभर वाटत फिरलो. त्याची ही हकिगत.

गेल्या हंगामात एका सभासदांनी तक्रार आणली. "साहेब, आमची लागण २८ जुलैची. मग बांधाला लागून ऑगस्टची लागण आहे, तिथं आधी कोयते कसे शिरले?" तपासले, तर शेजारच्या प्लॉटची तारीख २० ऑगस्टऐवजी २० जुलै झालेली. मूळ नोंद अर्जावर ऑगस्टच होता. तारीख गट कार्यालयाच्या खात्यातून बदलली होती.

खाते वापरणारे चौघे, पासवर्ड एकच, आणि तोही टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर! एकाकडेही बोट दाखवता येईना आणि चौघांवरचा संशयही जाईना. आम्ही स्वतः तो पासवर्ड फडातून फोनवर मोठ्याने सांगितला होता, तेव्हा बांधावर पाच-सहा जण उभे होते. म्हणजे दोष आमचाही. तारीख दुरुस्त केली, पण तोवर त्या सभासदांच्या उसाला तुरा येऊन वजन घटले, ते काही परत आले नाही.

ही खोड नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६२ साली एकाच संगणकाचा वेळ सर्वांना वाटून दिलेला असे. ॲलन शेर या संशोधकाला जादा वेळ हवा होता. त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच छापून मिळवली! पाळी पुढे ओढण्याचा मोह सगळीकडे सारखाच.

या प्रकारानंतर आम्ही सर्व पासवर्ड बदलले. बदलताना पाळलेल्या गोष्टी आपल्याही कामी येतील.

१) बदल कार्यालयाच्या किंवा स्वतःच्या यंत्रावरच करावा. "पासवर्ड आज संपतो" असा संदेश आला, तर त्यातील लिंकवर जाऊ नये. नेहमीप्रमाणे खाते उघडून आतून बदल करावा.

२) पासवर्ड लांब असावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले, तर लक्षात राहतो आणि दुसऱ्याला सुचत नाही. नाव, गट नंबर, उसाची जात नको. आमच्याकडे निम्म्या खात्यांचा पासवर्ड ८६०३२ निघाला, आता काय म्हणावे!

३) तोच पासवर्ड दुसरीकडे वापरू नये, बँकेला तर नाहीच.

४) बदलल्यावर इतर सर्व मोबाईल व संगणकांवरून खाते बंद करावे. नाहीतर जुन्या मोबाईलवर ते उघडेच राहू शकते. ओटीपीचा नंबरही तपासावा. बदली झालेल्या माणसाचा नंबर तसाच राहिला, तर कुलूप नवे आणि किल्ली त्याच्या खिशात, अशी गत होते.

५) पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. आम्ही मागितला तरी नाही!

दरमहा पासवर्ड बदलावा, असे पूर्वी सांगत. माणसे कंटाळून शेवटच्या १ चे २ करीत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ सालीच सांगितले, की अशी मुदतीची सक्ती नको. पण पासवर्ड फुटल्याचे दिसले की लगेच बदला.

आता आमच्या प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे आहे. तारीख कोणी, कधी बदलली, ते नावानिशी कळते. सभासदांना दोनच विनंत्या. मोबाईलवर आलेला नोंदीचा संदेश वाचून तारीख जुळवा, चूक दिसली तर लगेच गट कार्यालयात या. आणि "तारीख जरा मागं घ्या की," अशी गळ आमच्या पोरांना घालू नका. तुमची पाळी पुढे येते, तेव्हा कुणाचा तरी ऊस फडात वाळत असतो.

कळावे, लोभ असावा.

— ऊस विकास अधिकारी