शांततेचा खर्च कोण करतो?

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी ३,००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून दिली. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं, अशी अट. २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना त्यातून प्रत्येकी १२ कार्षापणं चीवरासाठी मिळत. उरलेल्या १,००० वर दरमहा पाऊण टक्का व्याज, ते इतर खर्चाला.

साधनेसाठी एका जागी राहायचं तर काय काय लागतं, हे या लेखाइतकं नेमकेपणाने क्वचितच कुठे लिहिलेलं असेल. जागा लागते, कपडा लागतो, खाणं लागतं आणि हे सगळं वर्षानुवर्षं चालू ठेवणारी माणसं लागतात. शांतता आपोआप मिळत नाही. तिची कुणीतरी तजवीज केलेली असते.

आज जगभर लहान, देखणी हॉटेलं हीच तजवीज विकतात. लाकडी फरशी, कागदी सरकती दारं, दगडी दिवा, मोजकी झाडं आणि पहाटे जपानी पद्धतीचं ध्यान. कल्याणच्या पुढे बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत या पट्ट्यात शनिवार-रविवारच्या निवांतपणासाठी रिसॉर्टं आणि फार्महाऊसं उभी आहेतच, त्यामुळे ही कल्पना इथे परकी वाटणार नाही. ज्याला परवडतं त्याने जरूर जावं. थकलेल्या माणसाला एक शांत रात्र मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण या साधनेचा गाभा खोलीच्या भाड्यात येतो का, आणि उल्हासनगरच्या एका खोलीत पाच जण राहणाऱ्या घराला ती कशी मिळेल, हे प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

एका चटईची जागा

जपानी झेन परंपरेत बसून करायच्या ध्यानाला झाझेन म्हणतात. सोतो पंथाचा प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) चीनमध्ये शिकून १२२७ मध्ये परतला आणि १२४४ मध्ये त्याने आजच्या फुकुई प्रांतातल्या डोंगरात मठ स्थापन केला. तोच एइहेइजी. आजही तिथे तरुण भिक्षू शिकायला येतात.

तिथल्या ध्यानगृहात प्रत्येकाच्या वाट्याला एका तातामी चटईएवढा ओटा येतो, साधारण सहा फूट बाय तीन फूट. त्यावरच बसायचं, त्यावरच जेवायचं, रात्री त्यावरच झोपायचं. बसण्याची पद्धत ठरलेली आहे. गोल जाड उशीवर बैठक, गुडघे खाली टेकलेले, पाठ ताठ. डावा तळवा उजव्यावर, अंगठ्यांची टोकं जेमतेम एकमेकांना लागलेली. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून नजर खाली सोडायची. सोतो पंथात तोंड भिंतीकडे असतं. घंटा तीनदा वाजली की सुरुवात. एक उदबत्ती जळून संपेपर्यंत, म्हणजे चाळीसेक मिनिटं, हलायचं नाही. मग उठून एका श्वासाला अर्धं पाऊल इतक्या संथपणे चालायचं आणि पुन्हा बसायचं. विचार आले तर त्यांच्याशी झगडायचं नाही आणि त्यांच्यामागे जायचंही नाही.

हे सगळं हॉटेलही शिकवू शकेल. पण मठाच्या दिवसाचा मोठा भाग बसण्यात जात नाही. झाडणं, फरशी पुसणं, लाकडं फोडणं, भाजी निवडणं ही कामं साधनेचाच भाग मानली जातात. दोगेनने १२३७ मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने चीनमधली एक आठवण सांगितली आहे. भर दुपारी, डोक्याला काही नसताना, कमरेत वाकलेला एक म्हातारा आचारी तापलेल्या अंगणात अळंबी वाळवत होता. हे काम दुसऱ्या कुणाला का सांगत नाही, असं दोगेनने विचारलं. दुसरा म्हणजे मी नव्हे, अशा अर्थाचं उत्तर त्याला मिळालं. ऊन उतरल्यावर करा की, असं सुचवलं, तर आता नाही तर मग केव्हा, असा उलट प्रश्न आला. तरुण दोगेन गप्प झाला. पुढे जपानमध्ये त्याने जे उभं केलं, त्याच्या मुळाशी हा आचारी आहे.

जेवणाचीही हीच शिस्त. मठातलं जेवण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांना हे नवीन नाही. शेवटी वाडग्यात गरम पाणी घ्यायचं, मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगं आतून पुसायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. अन्नाचा कण वाया जात नाही आणि भांडंही स्वतःचं स्वतः घासलं जातं.

पाहुण्यांना मुक्कामाला ठेवणारे मठही जपानमध्ये आहेत. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध ठिकाण वाकायामा प्रांतातला कोयासान पर्वत. ८१६ मध्ये कूकाई या आचार्याला ही जागा मिळाली. तिथल्या ११७ मंदिरांपैकी सुमारे ५० मंदिरांत यात्रेकरूंची सोय होते. हा पंथ झेन नव्हे, शिंगोन. तिथल्या ध्यानात साधकासमोर एक चित्र असतं: कमळावर पांढरं चंद्रबिंब आणि त्यात सिद्धम् लिपीतलं ‘अ’ हे अक्षर. भारतात जन्मलेल्या लिपीतला पहिला स्वर पाहत जपानी माणूस बाराशे वर्षं श्वास संथ करत आला आहे. याच कोयासानच्या विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचं अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं.

कल्याणच्या सोनाराचं टाकं

कोयासानला मंदिरं बांधली जाण्याच्या काही शतकं आधी आपल्या डोंगरांत अशाच वस्त्या नांदत होत्या. बदलापूरहून कर्जतला उतरून राजमाचीच्या पायथ्याशी गेलं की कोंडाणे लेणी लागतात, इसवी सनापूर्वीची. चैत्याच्या दर्शनी भागावर एका मोठ्या शिल्पाच्या डोक्याशेजारी ब्राह्मीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं. शेजारी विहार, आणि त्यात भिक्षूंच्या कोठड्या.

मुंबईच्या कान्हेरीत तर शंभराहून अधिक लेणी आहेत. इथली एखादी साधी कोठडी नीट पाहावी. दारातून आत गेलं की एका भिंतीला लागून दगडातच कोरलेला ओटा, माणूस आडवा होईल एवढा. समोर ओसरी, ओसरीत बसायला बाक. बाहेर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आणि पावसाचं पाणी त्यात आणून सोडणारी पन्हळ. एइहेइजीतल्या चटईएवढ्या ओट्याची आणि या दगडी ओट्याची गरज एकच आहे: माणसाला टेकायला पुरेल एवढंच, त्याहून जास्त नाही.

आणि हे खोदवलं कुणी? कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात. कल्याण तेव्हा भरभराटीचं बंदर होतं. तिथल्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. व्यापाऱ्यांनी लेणी खोदवली, कायमच्या ठेवी ठेवल्या. हे राजे नव्हते, बाजारपेठेतली कामाची माणसं होती. आज उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा अंबरनाथच्या एमआयडीसीत जे लोक कष्टाने पैसा मिळवतात, त्यांच्याच जातकुळीचे. त्यांनी आपली शांतता विकत घेतली नाही, दुसऱ्याच्या शांततेची सोय केली. या पट्ट्याच्या इतिहासातली मला सर्वांत अभिमानाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

जपानहून आलेले

विसाव्या शतकात जपानी साधना महाराष्ट्रात आली तीही हॉटेलांतून नव्हे. निप्पोन्झान म्योहोजी या संघाचे संस्थापक निचिदात्सू फुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. त्यांची साधना मौनाची नव्हती. हातातल्या डफासारख्या वाद्यावर ठेका धरून मंत्र म्हणत चालायचं, हीच त्यांची उपासना. सेवाग्रामच्या प्रार्थनेत त्यांचा जपानी मंत्र सामील झाला आणि आश्रमाच्या प्रार्थनेची सुरुवात त्यानेच होऊ लागली. मुंबईत वरळीला या संघाचं मंदिर आहे आणि वर्ध्याला शांतिस्तूप आहे.

विदर्भात आर्य नागार्जुन सुरई ससाई हे जपानी भिक्षू १९६०च्या दशकात आले, नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. धम्मदीक्षा घेतलेल्या लाखो लोकांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. कामठीचं ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं. तिथे तिकिटाशिवाय कुणीही जाऊन बसू शकतं.

खऱ्या अर्थाने झेन शिकायचं तर भारतातलं महत्त्वाचं ठिकाण दूर, तमिळनाडूत कोडाईकनालजवळ पेरुमलमलैला आहे. बोधी झेंडो हे केंद्र १९९६ मध्ये सुरू झालं. त्याचे संस्थापक फादर आमा सामी हे जेझुइट धर्मगुरू. जपानमधल्या कामाकुराच्या यामादा कोउन यांच्याकडे त्यांनी साधना केली. तिथल्या दिनक्रमात बसणं आहे तसं बागेतलं आणि स्वयंपाकघरातलं कामही आहे.

आपल्या जवळ मात्र मौनाची दुसरी, ब्रह्मदेशातून आलेली परंपरा भक्कम आहे. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात शिकवू लागले आणि १९७६ मध्ये इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. उल्हासनगरकरांना त्याहून जवळ म्हणजे कसारा मार्गावर खडवलीजवळ, मातोश्री वृद्धाश्रमाच्या आवारात, विपश्यनेचं धम्मसरिता केंद्र आहे. दहा दिवसांचं मौनशिबिर, पहाटे चारला उठणं, दिवसाकाठी दहा तासांच्या आसपास बैठक. शिकवणीची फी नाही, राहण्या-जेवणाचे पैसे नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं शिबिर चालतं. उषवदाताच्या ठेवीमागचा विचार इथे अजून जिवंत आहे. झेन आणि विपश्यना या पद्धती वेगळ्या, त्यांची सरमिसळ करू नये. पण दुसऱ्याने केलेल्या सोयीवर आपण बसतो आणि पुढच्याची सोय आपण करतो, ही रीत दोन्हींत आहे.

पाच लाखांच्या शहरात

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींतून वाढलेलं शहर. जपानशी लढणाऱ्या फौजांच्या काळातली ही छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. अजूनही पत्ता सांगताना लोक कॅम्प नंबर सांगतात. २०११च्या जनगणनेनुसार सुमारे १३ चौरस किलोमीटरांत पाच लाखांहून अधिक माणसं राहतात. कायद्याने निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ती पाळली जाते का, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

तरी शांत जागा नाहीत असं नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६०च्या त्या शिलाहारकालीन वास्तूत, सभामंडपातून वीसेक पायऱ्या खाली उतरल्याशिवाय गाभारा येत नाही. प्रत्येक पायरीला बाहेरचा गलबला कमी होतो, दगड गार लागतो. शिखर पूर्ण नसल्याने उजेड थेट वरून पडतो. गर्दीचे सोमवार आणि महाशिवरात्र सोडून सकाळी इथे जाणाऱ्याला वास्तू मनाला कशी स्थिर करते हे कुणी शिकवावं लागत नाही.

मग रोजच्या साधनेसाठी काय लागेल? एका बैठकीला तीन फूट बाय तीन फूट जागा धरली तर वीस माणसांना १८० चौरस फूट, चालायची वाट धरून ५०० चौरस फुटांचा हॉल भरपूर होतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांत बुद्धविहार आहेत, सिंधी दरबार आहेत, देवळांचे सभामंडप आणि नगरपालिकांची समाजमंदिरं आहेत. पहाटेच्या वेळी त्यांतली कितीतरी रिकामी असतात. शिकवायला अनुभवी माणूस हवा. मनाचा गंभीर आजार असलेल्याने लांबच्या मौनशिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. बाकी लागतं ते सतरंजी, घंटा, ठरलेली वेळ आणि आळीपाळीने झाडू घेणारे हात.

झाडू सर्वांत महत्त्वाचा. हॉटेलात खोली कुणीतरी आवरून ठेवतं आणि पाहुणा नुसता बसतो. जपानी मठात बसणारा आणि झाडणारा एकच असतो, म्हणून ती साधना घरी परत येते आणि टिकते. एका इमारतीतल्या, एका चाळीतल्या, एका कारखान्यातल्या वीस जणांनी महिन्याला थोडी वर्गणी काढली, सकाळी लोकल पकडण्याआधीचा अर्धा तास ठरवला आणि कचरा काढण्याची पाळी लावून घेतली, तर येत्या सोमवारपासून सुरुवात करता येईल. पहिली पाळी ज्याने ही कल्पना मांडली त्याने घ्यावी.